देवगिरी का पडली? आणि पडल्यावर काय काय उरलं?

गोदाकाठ
यादवांच्या देवगिरीच्या (आजच्या दौलताबादच्या) पतनाचा विषय निघाला की सगळे १२९६ हेच साल सांगतात. त्या वर्षी राज्य गेलंच नव्हतं. अलाउद्दीन आला, लूट आणि खंडणी घेऊन पंचवीसेक दिवसांत परत फिरला. रामचंद्रदेव, म्हणजे आपला रामदेवराय, त्यानंतरही पंधरा वर्षं गादीवर होता. क्रम एकदा नीट मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

१२९६: कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन चालून येतो. या वेळी तो सुलतान नाही, सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई आहे. दिल्लीला या मोहिमेचा पत्ता नाही.
१३०७-०८: खंडणी थकली म्हणून अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर येतो. रामचंद्रदेव पकडला जातो, दिल्लीला जातो आणि 'रायरायान' हा किताब घेऊन परत येतो.
१३१३: रामचंद्र वारल्यावर त्याचा मुलगा शंकरदेव खंडणी नाकारतो. काफूर पुन्हा येतो, शंकरदेव मारला जातो.
१३१७-१८: रामचंद्राचा जावई हरपाळदेव याचं बंड. आता सुलतान कुतुबुद्दीन मुबारक स्वतः दक्षिणेत उतरतो. हरपाळाचा अत्यंत क्रूर वध होतो आणि दिल्लीचे अधिकारी देवगिरीत कायमचे बसतात.

म्हणजे बावीस वर्षं. या बावीस वर्षांत सावरायला कुठे वाव होता, आणि १३१८ नंतर मराठी मुलखात नेमकं काय बदललं, असे माझे दोन प्रश्न आहेत. माझं मत असं की यादव सगळ्यांत कमी पडले ते खबर काढण्यात. विदिशा म्हणजे तेव्हाचं भेलसा. ते अलाउद्दीननं तीन-चार वर्षं आधी लुटलं होतं आणि देवगिरीच्या संपत्तीची माहिती त्याला तिथेच मिळाली. आपल्या उत्तर सीमेपलीकडे हे घडत असताना देवगिरीत कोणाला त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही, हे मला सगळ्यात खटकतं.

घाटवाट
खबरीच्या मुद्द्याला अनुमोदन. त्यात वाटेचा हिशेब घालतो, कारण तो पाहिला की खबर किती महत्त्वाची होती ते कळतं.

अलाउद्दीन २६ फेब्रुवारी १२९६ ला कड्याहून निघाला आणि ३ जूनला परत पोहोचला. त्या साली लीप वर्ष होतं, म्हणून ९८ दिवस. देवगिरीतले २५ वजा केले तर जाण्यायेण्याला ७३ उरतात. कडा ते देवगिरी सरळ रेषेतच ९०० किलोमीटर भरतं. चंदेरी, भेलसा, अचलपूर अशी वाट धरली तर एका बाजूचे ११०० च्या घरात. म्हणजे रोजची सरासरी ३० किलोमीटर, तीही सलग अडीच महिने आणि त्यातला निम्मा प्रवास लुटीसकट.

घोडदळाला एवढं जमतं, पण एकाच अटीवर: वाटेत कुठे लढाईला थांबायचं नाही. म्हणूनच त्यानं आवई उठवली की आपलं काकाशी बिनसलंय आणि आपण राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला निघालोय. ही हकिगत फारसी इतिहासकार फिरिश्तानं दिली आहे. अचलपूरपर्यंत त्याला कोणी अडवलं नाही. पहिला खरा विरोध झाला तो घाटी-लाजौरा इथे, देवगिरी हाकेच्या अंतरावर असताना. तिथला अधिकारी कान्हा लढला, आणि चौदाव्या शतकातला इतिहासकार इसामी सांगतो की त्याच्या बाजूनं दोन स्त्री सरदारही शर्थीनं लढल्या. त्यांची नावं मात्र त्यानं दिली नाहीत.

लाजौरा म्हणजे लासूर असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नकाशा उघडून बघा: लासूर देवगिरीच्या पश्चिमेला आहे आणि अचलपूरहून येणारा माणूस ईशान्येकडून येतो. तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे सरकत येऊन गौताळ्याच्या बाजूचा घाट चढला, तरच लासूर वाटेत येईल. तसं झालं असेल तर अजिंठ्याच्या डोंगरातली सरळ वाट त्यानं मुद्दाम टाळली असणार, आणि त्यासाठी माहीतगार वाटाड्या सोबत हवा.

क्षितिजा
आणि सैन्य कुठे होतं? दिल्लीचा इतिहासकार बरनी तीन-चार हजार स्वार आणि दोन हजार पायदळ म्हणतो, फिरिश्ता आठ हजारांपर्यंत जातो. मोठा आकडा धरला तरी यादवांसारख्या राज्याला ही फौज जड जायला नको होती. होयसळांच्या द्वारसमुद्रापर्यंत धडक मारणारं हे राज्य.

गोदाकाठ
@क्षितिजा, मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलं होतं. राजधानीत जे हाताशी होते त्यांच्यानिशी रामचंद्रानं शहराबाहेर तोंड दिलं आणि मग किल्ल्यात आसरा घेतला. खालचं शहर तेव्हाच लुटलं गेलं.

वऱ्हाडी पाणी
मिठाच्या पोत्यांची गोष्ट खरी का?

खंदक
मिठाची गोष्ट फिरिश्ताची. तो लिहितो १६०० नंतर, म्हणजे घटनेला तीनशे वर्षं उलटल्यावर. तिच्यातला मसाला बाजूला ठेवू, पण मूळ अडचण खरी वाटते. किल्ल्यात अचानक शिरावं लागलं की पाणी असतं, दाणा नसतो. देवगिरीला खडकातली टाकी होती. धान्य मात्र खालून वर न्यावं लागतं, आणि खालची पेठ शत्रूच्या ताब्यात. कोकणातून मीठ घेऊन येणारे व्यापारी पोती टाकून पळाले आणि ती धान्याची समजून वर नेली, अशी ती हकिगत आहे. घाईत असं होऊ शकतं. पण पोती मिठाची होती म्हणून राज्य गेलं हे म्हणणं बरोबर नाही. वेढा पडण्याआधी कोठारं भरलेली नव्हती, दोष त्याचा.

दुसरं, आज आपण दौलताबादला जे पाहतो तो १२९६ चा किल्ला नाही. बाहेरचे तट आणि दरवाज्यांच्या रांगा बऱ्याचशा नंतरच्या. यादवांचं खरं काम म्हणजे तो डोंगर. खालच्या अंगाला चहूकडून सुमारे पन्नास मीटर उंचीचा कडा तासून उभा केलाय. जवळ जाऊन पाहिलं तर छिन्नीचे घाव अजून दिसतात, तिरपे, एकाखाली एक. एवढा कडा तासायला किती पाथरवट आणि किती वर्षं लागली असतील याचा विचार करा. असा किल्ला चढून घेता येत नाही. तो उपाशी पाडावा लागतो किंवा आतून घ्यावा लागतो. १२७१ मध्ये खुद्द रामचंद्रानं तो अम्मणाकडून घेतला तो साथीदारांसह खेळियांच्या (नाटक्यांच्या) सोंगानं आत शिरून, असं महानुभाव परंपरा सांगते. किल्ल्याची कमजोर बाजू राजाला पक्की माहीत होती.

घाटवाट
@खंदक, नेमकं. आणि शंकरदेव परतला तेव्हा बाजी जवळजवळ पलटली होती. तह ठरलेला असूनही त्यानं हल्ला चढवला आणि अलाउद्दीनची फौज मागे रेटली. वेढ्यावर नजर ठेवायला नुसरत खान हजार स्वारांनिशी मागे ठेवलेला होता, तो ऐन वेळी धावून आला. धुरळा बघून यादवांना वाटलं दिल्लीची वीस हजारांची फौज आली. ती फौज मागून येतेय अशी अफवा अलाउद्दीननं आधीच पेरून ठेवली होती. एका अफवेवर पहिली मोहीम निभावली.

टंक
खंडणीच्या आकड्यांकडे वळतो, कारण ते कोणी न तपासता पुढे ढकलतं.

फिरिश्ता देतो ते असं: ६०० मण सोनं, ७ मण मोती, २ मण रत्नं, १००० मण चांदी, ४००० रेशमी वस्त्रं. आता मण कोणता? आपल्या डोक्यात बसलाय तो इंग्रजी अमलातला सुमारे ३७ किलोचा. त्यानं गुणलं की साडेबावीस टन सोनं होतं, आणि हाच आकडा सगळीकडे फिरतो. अलाउद्दीनच्या काळचा दिल्लीचा मण १३ किलोच्या आसपास होता. त्या मापानं सोनं ७८०० किलो आणि चांदी १३,००० किलो.

हेही पचायला जड आहे. यादवांचा सोन्याचा पद्मटंक पावणेचार ग्रॅमच्या जवळपास असतो, वर कमळ ठोकलेलं आणि भोवती राजाच्या नावाची अक्षरं. ७८०० किलो म्हणजे असे वीस लाखांवर टंक. आणि वाहतूक? सोनं-चांदी मिळून एकवीस टन. लादणीच्या बैलावर शंभर-सव्वाशे किलो घातले तरी पावणेदोनशे ते दोनशे बैल. लादलेला बैल दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतो, आणि घाटवाट यांच्या हिशेबानं रोज ३० हवेत. म्हणजे लूट घोडे, उंट, हत्ती यांवर वाटून नेली असणार, नाहीतर आकडे फुगवलेले असणार. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

लूट प्रचंड होती याबद्दल मात्र शंका नको. परतल्यावर जुलै १२९६ मध्ये त्यानं काकाला कड्याला गंगाकाठी बोलावून मारलं. दिल्लीकडे जाताना मुक्कामा-मुक्कामाला मंजनिकातून सोन्याच्या चांदण्या लोकांवर उधळल्या असं बरनी लिहितो. मंजनिक म्हणजे दगड फेकायचं यंत्र. जलालुद्दीनचे अमीर याच पैशानं फिरले. दिल्लीचं तख्त देवगिरीच्या सोन्यावर विकत घेतलं गेलं.

सातवाहन
मूळ कारण कोणी बोलत नाहीये. रामचंद्राचा मंत्री हेमाद्री याचं चतुर्वर्गचिंतामणी बघा. वर्षाच्या दिवसांपेक्षा व्रतं जास्त. समाज व्रतवैकल्यांत बुडाला होता, क्षात्रवृत्ती संपली होती, म्हणून आठ हजार स्वारांपुढे राज्य कोसळलं.

क्षितिजा
सातवाहन, हे मत जुनं आहे आणि मला ते पटत नाही. त्याच हेमाद्रीकडे हत्तीदळाचा अधिकार होता आणि झाडीमंडळाच्या (पूर्व विदर्भाच्या) मोहिमेचं श्रेय त्याला दिलेलं आहे. व्रतांची जंत्री करणारा आणि लष्करी अधिकारी ही एकच व्यक्ती. शिवाय तेच ग्रंथ, तीच व्रतं असलेल्या राज्यानं १२७६ च्या सुमारास द्वारसमुद्रावर स्वारी केली.

याच न्यायानं वरंगळचे काकतीय का पडले? गुजरातचे वाघेले? द्वारसमुद्र? सगळे पंचवीस-तीस वर्षांत पडले, आणि सगळे पिढ्यान् पिढ्या एकमेकांशी लढत होते. देवगिरीचं सैन्य वर्षानुवर्षं दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे तोंड करून उभं होतं. उत्तरेला पाठ होती. व्रतांपेक्षा हे कारण सरळ आहे.

सातवाहन
हेमाद्रीचा लष्करी अधिकार मान्य. पण विधींवर होणारा खर्च आणि ब्राह्मणांना दिलेली अग्रहारं (दानाची गावं) यांचा तिजोरीवर काहीच ताण नव्हता असं म्हणता का?

टंक
तिजोरीवर ताण असता तर लुटायला एवढं सापडलं नसतं. :)

समुद्रकाठ
घोड्यांचा मुद्दा राहिला. दख्खनच्या हवेत चांगली घोड्यांची पैदास होत नसे. यादव, होयसळ, काकतीय, पांड्य हे सगळे अरबस्तान आणि इराणातून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांवर अवलंबून. घोडा महाग, वाटेत मरणारे बरेच, उतरल्यावर खाणं आणि निगा न जमून मरणारे त्याहून जास्त. मार्को पोलो ठाण्याच्या राजाबद्दल लिहितो की त्यानं चाच्यांशी करार केला होता: लुटीतला बाकी माल तुमचा, घोडे मात्र माझे. घोड्यासाठी राजा चाच्यांना पाठीशी घालतो यावरून टंचाईची कल्पना येईल.

दिल्लीला घोडे वायव्येकडून खुष्कीनं मिळत, आणि मंगोलांच्या हल्ल्यांमुळे तिथली फौज वर्षभर तयारीत असे. पुढे अलाउद्दीननं स्वाराला रोख पगार बांधला, वर्षाला २३४ टंका. तो परवडावा म्हणून दिल्लीतले बाजारभाव बांधले. रोखीनं पोसलेली खडी फौज आणि सामंतांकडून गोळा होणारी फौज यांच्यात मोठा फरक पडतो तो वेगात. सामंतांना निरोप जाऊन ते जमेपर्यंत अलाउद्दीन येऊन गेला होता.

गोदाकाठ
समुद्रकाठ, हा मुद्दा मी लिहायला हवा होता. याला जोडून: दिल्लीला दक्षिण हवी होती ती या रोख पगारासाठी. अलाउद्दीनला इथे राज्य चालवायचं नव्हतं, त्याला दरसाल खंडणी हवी होती. म्हणून १३०८ ला पकडलेल्या रामचंद्राला त्यानं मारलं नाही. वर लाख टंका आणि नवसारी देऊन परत पाठवलं.

खंदक
त्यानंतरचं रामचंद्राचं वागणं कठोरपणे बघायला हवं. १३०९ ला काफूर वरंगळवर निघाला तेव्हा देवगिरीत त्याच्या फौजेसाठी बाजार लावून दिले गेले. १३११ ला द्वारसमुद्रावर जाताना यादवांचा सेनानी परशुराम दळवी याने वाट दाखवली. जुन्या वैऱ्यांचा काटा परस्पर निघतोय असं वाटलं असेल. पण वरंगळ आणि द्वारसमुद्र वाकल्यावर दक्षिणेत मदतीला यावं असं कोणी उरलंच नाही. शंकरदेव १३१३ ला एकटा पडला तो बापाच्या या धोरणानं.

क्षितिजा
@खंदक, मला यात थोडा बचाव करावासा वाटतो. १३१० चा पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट (बीड जिल्हा, माजलगाव तालुका) बघा. त्यात रामचंद्रानं वाराणसी म्लेंच्छांपासून सोडवल्याचा दावा आहे, आणि सगळी राजेशाही बिरुदं तशीच आहेत. दिल्लीचा मांडलिक होऊन दोन वर्षं झाल्यावरचा हा लेख. स्वतःच्या प्रजेपुढे तो अजून सार्वभौम राजाच होता, दाने देत होता, कारभार चालू होता. पर्याय काय होता? १२९६ ला लढून पाहिलं, १३०८ ला लढून पाहिलं. पंधरा वर्षं मुलूख जाळपोळीपासून वाचला हेही मोजा.

खंदक
मोजतो. तरीही वाट दाखवणं आणि खंडणी देणं या दोन गोष्टी मी एका पारड्यात घालणार नाही.

वऱ्हाडी पाणी
अवांतर: १३०७ च्या सुमाराला गुजरातच्या कर्ण वाघेल्याची मुलगी देवलदेवी देवगिरीकडे पाठवली जात असताना पकडली गेली. फिरिश्ता म्हणतो की अलाउद्दीनचा सरदार अलप खान याच्या छावणीतले तीनेकशे शिपाई रजा घेऊन वेरूळची लेणी बघायला गेले होते आणि तिथे तिच्या तुकडीशी त्यांची अचानक गाठ पडली. कर्णाला बागलाणात आसरा मिळाला होता, आणि १३०७ च्या स्वारीमागे थकलेल्या खंडणीबरोबर हेही एक कारण होतं.

मोडीप्रेमी
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळत नाहीये, म्हणून मी सुरुवात करतो. या जिंकण्याचा सगळ्यात टिकाऊ ठसा बघायचा असेल तर कुठलाही पेशवाईतला कागद घ्या आणि त्यावरची तारीख वाचा.

वरती 'सुरू सन' किंवा 'शुहूर सन' असतं. हे साल तुघलकांच्या काळात, १३४४ च्या सुमाराला, दख्खनमध्ये सुरू झालं असं मानतात. शुहूर हे अरबी शहर (महिना) या शब्दाचं अनेकवचन. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं दरसाल अकरा दिवस मागे सरकतं आणि पिकांशी त्याचा मेळ बसत नाही. सारा वसूल करायचा तर वर्ष पावसाळ्याशी बांधलेलं हवं. म्हणून हिजरी ७४५ हा आकडा घेतला आणि पुढे सौर वर्षानं मोजत गेले. वर्ष बदलतं सूर्य मृगात गेला की. म्हणून त्याला मृगसाल असंही नाव आहे.

आकडे अरबी शब्दांत लिहितात, एककापासून उलटे. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. मग अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००.

उदाहरण: 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर, हजार: ११६१. इसवी काढायची तर मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. जानेवारीतला कागद असेल तर १७६१. पानिपतचा महिना. नेहमीची चूक इथेच होते: सगळीकडे ५९९ मिळवतात आणि हिवाळ्या-उन्हाळ्यातले कागद एक वर्ष मागे जातात. दुसरी चूक फसली सनाशी, म्हणजे सारा वसुलीच्या दुसऱ्या एका सालाशी, गल्लत करण्याची. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवायचे असतात.

दिल्लीशी झुंजणाऱ्या मराठ्यांच्या पत्रांवर तुघलकी काळातलं साल आहे आणि ते पावसावर चालतं. देवगिरी पडल्याचा परिणाम मला यात सगळ्यात स्पष्ट दिसतो.

क्षितिजा
काय सुंदर समजावलंत! मया आणि अलफ यांच्या मधला 'व' पण फारसीच ना?

मोडीप्रेमी
हो, अरबी-फारसीतला. आणि मराठीत तो असा मुरलाय की आता कोणाला परका वाटत नाही.

सातवाहन
म्हणजे १३१८ नंतर मराठीत फारसी शिरली, हा परिणाम. अर्ज, दप्तर, हुकूम, जमीन, तारीख, किल्ला, वकील, सरकार.

मोडीप्रेमी
शिरली, पण १३१८ ला लगेच नाही. बहामनी आणि त्यांच्यानंतरच्या शाह्यांच्या कारभारातून दोन-तीनशे वर्षांत ती साचत गेली. इतिहासकार राजवाड्यांनी केलेली मोजणी प्रसिद्ध आहे: १६२८ च्या एका पत्रात २३६ पैकी अवघे ३४ शब्द मराठी, १७२८ च्या पत्रात १२७ पैकी ११९. मधल्या काळात शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, चौदाशेच्या आसपास शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देऊन. दोन पत्रांवरून सगळ्या भाषेचा निवाडा होत नाही, कारण पत्र कोणी कोणाला लिहिलं यावर शब्द ठरतात. पण दिशा कळते.

समुद्रकाठ
कोकणातला एक पुरावा: अलिबागजवळचा नागावचा शिलालेख. १३६७ चा, मराठीत. त्यात हिजरत ७६९ आणि शके १२८९ दोन्ही कोरलेत, आणि राजा आहे हंबीरराव. देवगिरी जाऊन पन्नास वर्षांत कोकणातल्या मराठी दगडावर हिजरी साल आलं.

गोदाकाठ
नागावच्या लेखाबद्दल विशेष आभार. आता बदललं नाही त्याबद्दल लिहितो. दिल्लीचे अधिकारी देवगिरीत, पुढे काही ठाण्यांत बसले. गावात कोण होतं? जुन्या लेखांतला 'पट्टकिल' तोच आपला पाटील. शेजारी कुळकर्णी, वर परगण्याला देशमुख आणि देशपांडे. जमिनीचा कस, बांध, कोणाचं शेत किती खंडीचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि बाडात. नव्या सुभेदाराला सारा हवा तर या माणसांवाचून गत्यंतर नव्हतं. वर राजघराणी बदलत गेली, यादव, खलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, आणि खाली तीच वतनी घराणी हिशेब लिहीत राहिली. त्यांच्यातूनच पुढचे मराठे सरदार उभे राहिले.

वऱ्हाडी पाणी
आणि भक्तीची चळवळ? सुलतानीच्या धक्क्यातून वारकरी पंथ वाढला असं सर्रास सांगतात.

क्षितिजा
साल बघा. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९०. अलाउद्दीन यायच्या सहा वर्षं आधीची, आणि तिच्या शेवटी रामचंद्राचा न्यायी राजा म्हणून उल्लेख आहे. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेख १२७३ पासूनचा, त्यात दानं देणाऱ्यांची नावं आहेत. पंथ यादवांच्या भरभराटीतच उभा राहिला. धक्क्याचा परिणाम म्हणायचा तर इतकाच: राजाश्रयावर चाललेली संस्कृत विद्या आणि दगडी मंदिरांची मोठी बांधकामं थांबली, आणि ज्याला राजाश्रय लागत नव्हता ते तगलं. अभंग म्हणायला अग्रहार लागत नाही.

खंदक
बांधकामाबद्दल: कारागीर कुठे गेले हा प्रश्न विचारा. किल्ल्यातली जामा मशीद १३१८ ची, कुतुबुद्दीन मुबारकच्या वेळची. १०६ खांब, त्यातले पुष्कळ मोडलेल्या मंदिरांचे. १९४८ पासून तिथे भारतमातेची मूर्ती आहे. खांब बारकाईनं पाहिले तर उंची जुळवायला काहींवर वेगळे तुकडे चढवलेत आणि घाट एकमेकांशी जुळत नाहीत. नवं कोरायला वेळ किंवा माणसं नव्हती, जे होतं ते उचलून उभं केलं. त्या खांबांशी उभं राहिलं की जीव कळवळतो, कारण मूळ मंदिरं कुठली होती हे सांगणारं काही शिल्लक नाही.

घाटवाट
१३२७ विसरू नका. मुहम्मद तुघलकानं देवगिरीचं दौलताबाद केलं आणि दिल्लीतले अमीर, काझी, सूफी, कारागीर इकडे आणले. काही वर्षांत राजधानी परत गेली, पण सगळी माणसं गेली नाहीत. बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ ला इथेच वारले, खुलदाबादला त्यांचा दर्गा आहे. दखनी भाषेची मुळं या वस्तीत आहेत. आणि इथे राहिलेल्या अमीरांनीच तुघलकाविरुद्ध बंड करून ३ ऑगस्ट १३४७ ला पहिला बहामनी सुलतान हसन गंगू याला गादीवर बसवलं, दौलताबादेतच. दिल्लीनं जिंकलेली देवगिरी एकोणतीस वर्षांत दिल्लीच्या हातून गेली.

सातवाहन
हे एकोणतीस वर्षांचं गणित मी कधी केलं नव्हतं. म्हणजे सुलतानीची तीनशे वर्षं दिल्लीची नव्हेतच, दख्खनच्या शाह्यांची. माझं व्रतांबद्दलचं म्हणणं मी मागे घेतो. पण मग गोदाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय? सावरायला वाव कधी होता?

गोदाकाठ
माझ्या मते एकदाच, १२९६ चा जून ते १३०७. सलग अकरा वर्षं. या काळात अलाउद्दीन आधी तख्त सांभाळत होता, मग मंगोलांना थोपवत होता, मग रणथंभोर आणि चितोडमध्ये गुंतला होता. १३०३ मध्ये मंगोल थेट दिल्लीच्या वेशीवर होते. त्याच सुमाराला बंगालच्या वाटेनं वरंगळवर पाठवलेली त्याची फौज हात हलवत परतली. काकतीय तेव्हा उभे होते, होयसळ उभे होते. देवगिरीनं अचलपूरच्या बाजूचे घाट बांधून काढले असते, भेलशाकडे हेर ठेवले असते, वरंगळशी निदान घोड्यांपुरता सलोखा केला असता तर १३०७ ची मोहीम इतकी सोपी गेली नसती. यांतलं एकही केल्याचा पुरावा नाही. खंडणी थांबवली तेवढी, तीही तयारीशिवाय.

घाटवाट
अचलपूर कसं बांधणार? तहात अचलपूरचं उत्पन्न अलाउद्दीनला तोडून दिलं होतं ना, असं फिरिश्ताच म्हणतो. उत्तरेचं दारच गहाण पडलेलं.

गोदाकाठ
बरोबर, ते माझ्या नजरेतून सुटलं. मग संरक्षणाची फळी अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आणावी लागली असती. चाळीसगाव-कन्नडचा घाट, अजिंठ्याचा घाट, आणि तिसरी वाट कुठली? घाटवाट, यादवकाळातल्या चौक्यांचे अवशेष किंवा लेख त्या रांगेत कुठे नोंदले गेलेत का? पाटणादेवीचा यादवांच्या मांडलिक निकुंभांचा लेख एवढाच मला आठवतोय.

घाटवाट
पाटणादेवी आहेच, आणि ते नेमकं त्या घाटाच्या पायथ्याशी आहे. तो लेख भास्कराचार्यांच्या नातवाच्या, चंगदेवाच्या मठाचा. चौकीचा नाही. वर चढलं की कण्हेरगड लागतो. रांगेतल्या टाक्यांची यादी करून उद्या इथेच टाकतो. कुठलं टाकं किती माणसांना पुरेल हे कळलं की पहाऱ्याची जागा कुठे असू शकते त्याचा अंदाज बांधता येईल.